कल्हई

पहाटे पाचला, हुडच्या निळसर उजेडात
मी 'बेबी ऑफ वृंदा तांबट'चं जेवण भरते.
अमिनो आम्लं, डेक्स्ट्रोज, फॉस्फेट,
आणि सगळ्यात शेवटी कॅल्शियम,
काचेच्या कुपीतून.
कुपीची मान मोडताना टक् होतं.
एवढ्याशा आवाजाला मी अजून सरावले नाही.

वजन नऊशे चाळीस ग्रॅम.
बाप म्हणाला, एवढ्या वजनाचं आमच्याकडे
एक पातेलं येतं, झाकणासकट.
म्हणाला, आणि स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

शिरीष तांबट, बर्तन बाजार, इंदूर.
पणजोबा तांबं ठोकत इथवर आले,
आता तांबं आडनावात तेवढं उरलंय.
पुढच्या फळीवर स्टील,
मागच्या फळीवर जर्मनचे टोप एकात एक,
लग्नाच्या हंगामात भाड्यानं जाणारे.

मॅडम, या पिशवीत काय काय असतं?
सगळेच विचारतात. मी सांगते, सगळं पोषण.
त्या दिवशी का कोण जाणे
लेबलवर नसतं तेही सांगून बसले.
थोडं ॲल्युमिनियम.

म्हणजे जर्मन?
हो, जर्मन.

घालत नाही कुणी. काचेतच असतं.
औषध महिनोन्महिने कुपीत पडून राहतं,
काचेला चाटत राहतं.
तो म्हणाला, आंबट जर्मनमध्ये ठेवू नका,
गिऱ्हाइकाला आम्ही रोज सांगतो. ऐकतं कोण.

किती?
किलोमागे दिवसाला पाच मायक्रोग्रॅम, त्यावर नको म्हणतात.
माझ्या वहीत काल अठरा आले.
आमच्या काट्यावर दिसायचं नाही.
दिसत नाहीच, मी म्हणाले. हाडात साठतं, डोक्यात साठतं,
कळलंच तर पंधरा वर्षांनी कळतं.

पण आम्ही तर जन्मभर त्यातच शिजवून खाल्लं!

तुमच्या पोटाला कल्हई आहे.
आतडं जवळजवळ सगळंच परत पाठवतं,
चुकून आत गेलेलं मूत्रपिंड बाहेर टाकतं.
हिचं जेवण पोटात जातच नाही,
सरळ शिरेत.
आणि मूत्रपिंडं हिची अजून…
कच्ची, तो म्हणाला.
मग बराच वेळ आपल्या नखांकडे बघत राहिला.
बिनकल्हईचं भांडं, म्हणाला. समजलं.

मग बंदच करा ना.

हे मला कुणी शिकवलेलं नाही,
बापाला हे कसं सांगायचं:
की कॅल्शियम बंद केलं तर हाडं काडीसारखी मोडतील,
की हाडासाठी देतो त्याच्याच पाठीवर बसून
हाडाचा चोर आत जातो,
की प्लास्टिकच्या कुपीत तो फार कमी असतो,
की तीनदा अर्ज केला मी,
तिन्ही वेळा परत आला. शेरा: दर जास्त.

चौथा अर्ज माझ्या पिशवीत आहे.
डब्याखाली, थोडा तेलकट झालेला.

तोवर एकच. पोट जागं करायचं.
अर्धा मिली दूध, दोन तासांनी, नळीतून.
दूध वाढेल तशी पिशवी कमी.
वृंदा जिन्याखालच्या खोलीत बसते,
टाक्यांवर उशी धरून,
दाबते, थांबते, परत दाबते.
काल दिवसभरात चार मिली.
तिनं मला ते असं दाखवलं
जसं कुणी परीक्षेतले गुण दाखवतं.

बाराव्या दिवशी बारसं नव्हतं.
तो काचेबाहेर उभा होता, दुकानाचा रबरी शिक्का
चुकून खिशातच राहिलेला.
मी सांगितलं, आज पिशवीतले सहा मिली उतरवले.
त्यानं आनंद वगैरे काही दाखवला नाही.
विचारलं, दूध कशात काढते ती?

मी उकळून ठेवलेल्यांतली एक वाटी आणून दिली.
त्यानं ती कानाजवळ धरली,
नखानं टिचकी मारली,
नाद पुरता विरेपर्यंत ऐकत राहिला.

स्टील आहे, म्हणाला.
आणि वाटी परत देताना
कडेला हात लागू दिला नाही.
ती मला परत उकळावी लागणार होती.